राहिलेला नट

गाड्यांच्या सस्पेन्शनच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही असं लोक म्हणायचे, आणि त्यालाही ते पटलेलं होतं. धाकट्या बहिणीने तिची स्पर्धेची गाडी वर्कशॉपमध्ये आणली, तेव्हा तिला फारसं न विचारताच त्याने कॉइल स्प्रिंगा काढून हवेच्या पिशव्या बसवल्या. "बटण दाबलं की गाडी हवी तेवढी खाली बसेल. स्प्रिंगा आता सोफ्यातच शोभतात."

पहिल्याच सरावानंतर ती म्हणाली, "दादा, लागोपाठ दोन वळणं आली की मागची डावी बाजू बसते. स्प्रिंगांवर गाडी काय करणार ते मला आधी कळायचं."

चार गिऱ्हाईकं बसली होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. ती हेल्मेट काखेत मारून निघून गेली.

त्यानंतरच्या तिन्ही स्पर्धांत ती मागे पडली. वळण दिसलं की फार आधी ब्रेक दाबायची. आईने विचारलं तर म्हणायची, "माझे हातच गेलेत."

एका दुपारी ऑइल बदलायला तिची गाडी लिफ्टवर चढवली होती. मागच्या डाव्या चाकाजवळचा, गाडीची उंची मोजणारा सेन्सर त्याने सहज धरला, तर तो हलला. नट नुसता बोटांनी फिरवलेला, त्याला पाना लागलाच नव्हता. वळणात सेन्सर हलला की गाडी उंच झालीय असं समजून यंत्रणा पिशवीतली हवा सोडून द्यायची. बसवला होता त्यानेच.

त्याने इकडेतिकडे पाहिलं, नट आवळला आणि गाडी खाली घेतली. बहिणीला एवढंच सांगितलं, "जरा सेटिंग बदललंय."

पुढच्या स्पर्धेत ती दुसरी आली. धावत वर्कशॉपमध्ये आली, त्याच गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "दादाचंच खरं. माझेच हात कच्चे होते." कुणीतरी त्याची पाठ थोपटली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्याने सगळ्यांसाठी चहा सांगितला.

चार दिवस घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी तो घरी गेला आणि आईच्या देखत बहिणीपाशी बोलून मोकळा झाला. "नट माझ्याकडून राहिला होता. तुझे हात बरोबर होते."

"कधी कळलं?"

"तू दुसरी आलीस, त्याच्या आधी."

"म्हणजे मी सगळ्यांसमोर बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"नट कुणाकडूनही राहतो, दादा. पण मी गाडी विकायला निघाले होते." ती उठून दाराशी गेली. "जुन्या स्प्रिंगा आहेत ना?"

"आहेत."

"त्याच बसव. हवेचं काम वाईट नसेलही. पण मला आता त्यावर भरवसा ठेवता येणार नाही."



दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना त्याने आपणहून सगळं सांगितलं. "चालायचंच," एकजण म्हणाला. "नाही, चालत नाही," तो म्हणाला आणि कामाला लागला. स्प्रिंगा बसल्यावर बहिणीने त्याच्या हातातला पाना घेतला आणि चारही चाकांचं काम स्वतः तपासलं. तो बॅटरीचा उजेड धरून उभा राहिला.

महिन्याभराने ती पहिली आली. फोटोसाठी आईने त्याला पुढे बोलावलं. तो गर्दीत मागेच थांबला.