चौथ्या चाचणीतलं झुरळ

परीक्षकांनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, तेव्हा आई चालवत असलेली आमची गाडी लायसन्सच्या चाचणीच्या मैदानातल्या दुसऱ्या वळणावर होती. डॅशबोर्डच्या जाळीतून निघालेलं झुरळ मिशा हलवत त्यांच्या मांडीवरच्या कागदांकडे चाललं होतं. त्यांच्या परवानगीनं मी मागे बसले होते. हे हात दाखवून अवलक्षण माझंच होतं.

आमची गाडी म्हणजे घरात न मावलेलं घर. धाकट्या भावाचे मोजे, बाबांच्या जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या, रिकाम्या बाटल्या, सीटच्या फटीत वर्षभराचा बिस्किटांचा चुरा. आईच्या चाचणीआधी निदान झुरळं तरी जावीत म्हणून मी सकाळी आत फवारा मारला होता. असल्या फवाऱ्यानं झुरळं लगेच मरत नाहीत, आधी सैरभैर होऊन भर उजेडात बाहेर पडतात, हे रसायनशास्त्र शिकलेल्या मला आठवायला हवं होतं.

आई याआधी तीनदा नापास झाली होती. शेजारी बसलेल्या परीक्षकांचं पेन हललं की तिचा क्लचवरचा पाय सुटायचा आणि गाडी आचका देऊन बंद पडायची. पण आता सबब चालणार नव्हती. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी बाबांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. या खेपेला जमलं नाही तर गाडी विकून टाकू, असं बाबा कालच म्हणाले होते. म्हणताना ते भिंतीकडे बघत होते.

"बाई, गाडी थांबवा," परीक्षक म्हणाले. आवाज निम्म्यावर आला होता.

आईनं करकचून ब्रेक दाबला नाही. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच होतं. ते मी दोनदा कान देऊन ऐकलं.

"हलू नका साहेब. वारा लागला की पळतं ते."

आई शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. सव्वीस वर्षं दर प्रात्यक्षिकाला साठ जिवंत झुरळं तिनं गटारीच्या झाकणाखालून हातानं धरून आणली आहेत. झुरळाला मागून आलेली झुळूकही कळते, म्हणून तिनं हात समोरून, मिनिटकाट्याच्या चालीनं नेला आणि मूठ मिटली.

"बाटली दे गं."

माझ्या पायाशी चार होत्या. आईनं झुरळ आत सोडलं, झाकण लावलं आणि बाटली उजेडात धरून पाहिली.

"नर आहे," ती म्हणाली. मग परीक्षकांकडे वळून, "रिव्हर्स आता घ्यायचा का?"

परीक्षकांनी पाय एकेक करून खाली ठेवले आणि कागद सारखे केले. पेन हलत होतं, पण आईचं लक्ष नव्हतं. तिनं गाडी दोन खांबांच्या मधे एका दमात मागे घेतली. परीक्षक खाली उतरले, दोन्हीकडचं अंतर त्यांनी पावलांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि सही केली. आत बसायला काही ते आले नाहीत. खिडकीतूनच म्हणाले, "चालवता चांगली. गाडी तेवढी झाडून घ्या."

आई हसली नाही. वर्गात बाईंनी शाबासकी दिलेल्या मुलीसारखी फक्त ताठ बसली.

फाटकाशी बाबा उभे होते. मी मान हलवून सांगितलं, तर त्यांना ते दिसलं नाही. मग ओरडून सांगितलं. ते झपझप आले आणि सवयीनं चालकाच्या दाराची कडी धरली. आत आई होती. मग बाबा बॉनेटवर हात ठेवत, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. सीटचा पट्टा त्यांना या बाजूनं सापडेना. आईनं घाई केली नाही. 'खट्' असा आवाज आला, तेव्हाच तिनं गाडी गिअरमधे टाकली.