लांब झालेला पाय

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या खुर्चीत माझी बारा वर्षांची भाची बसली होती. स्वतःला अस्थिगुरू म्हणवणारे एक बाबा तिच्या दोन्ही टाचा हातात धरून चक्क तिच्या हाडांशी गप्पा मारत होते.

"हाडा, ए आळशी हाडा! किती झोपशील? ऊठ, लांब हो!"

आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिचा आखूड डावा पाय उजव्याएवढा झाला! टाळ्यांनी छत उडायचं तेवढं बाकी राहिलं. माझी ताई ढसाढसा रडली. मी शाळेत विज्ञान शिकवते. हाडांना कान असतात, हे मला नवीनच होतं. मी तसं म्हटलं, तर ताई फणकारली, "तुझं शहाणपण वर्गात ठेव!"

ताईला इथे आणलं होतं तिच्या धाकट्या दिराने. ताईचे यजमान वारल्यापासून ती त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. तो गुरूंचा सेवेकरी. आलेल्यांना खुर्चीत बसवायचं आणि त्यांच्या पायांत आश्रमाचे पवित्र बूट घालायचे, हे त्याचं काम.

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. पाय कधी जागेवर ठरायचा नाही तिचा. मग तिचा गुडघा दुखू लागला, ती लंगडू लागली, डावं पाऊल बाहेर वळलं. मी हाडांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की दीर म्हणायचा, "वहिनी, ते कापाकापी करतील. पोरीला जन्माची अधू करायचीय का?"

ताई शिवणकाम करते. लंगडणं सुरू झाल्यावर तिने भिंगरीच्या पॅन्टचा डावा पाय दुमडून आखूड केला होता. चमत्कार झाला त्या संध्याकाळी तिने आनंदाने ती शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी पॅन्टचा डावा काठ जमिनीवर लोळत होता. पाय आखूडच आहे, हे दुसऱ्या कुणालाही कळलं असतं. ताईला वाटलं, आपली टेप ताणली गेलीय! तिने नवी टेप आणली, पुन्हा मापलं, पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं. ज्या हातांनी संसार ओढला त्या हातांवर तिने संशय घेतला, गुरूवर नाही.

काही दिवसांनी भिंगरी जिन्यात कोसळली. तिला उभंच राहता येईना.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "दुखत होता गुडघा, पण आजार खुब्यात आहे. वाढत्या वयात मांडीच्या हाडाचा गोल माथा कधीकधी जागचा सरकतो. लवकर आणलं असतं तर स्क्रू घालून तिथेच थांबवला असता. आता फार सरकलाय. ऑपरेशन करू, पण पाय पहिल्यासारखा होईल, असं वचन देत नाही."

"पण पाय लांब झाला होता हो!" ताई म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं."

"पायात बूट होते?"

"होते, आश्रमाचे. जरा ढगळच होते."

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं आणि त्यांचे मोठे बूट माझ्या पायांत चढवले. टाचा हातात घेतल्या आणि बोलता बोलता डावा बूट हळूच पुढे ओढला. माझा डावा पाय चांगला बोटभर लांब दिसू लागला. "बूट पुढे येतो, पाय जागेवरच राहतो. एवढाच चमत्कार."

दीर दारात उभा होता. आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो.

"वहिनी, बूट सैल ठेव एवढंच गुरू मला सांगायचे... लोकांना धीर येतो त्याने..."

पलंगावरून भिंगरीने विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

ताई ओरडली नाही, रडलीही नाही. "परक्याने फसवलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "तुला काय म्हणू? माझ्या पोरीला तू स्वतःच्या हातांनी बूट घातलेस."

तो गेला. कुणी थांबवलं नाही.

ऑपरेशन झालं. भिंगरी कुबड्या घेऊन चालते. लंगडणं किती राहील, ते पुढे कळेल. मला संताप येतो आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. म्हणून हात जोडून सांगते : मूल लंगडत असेल, त्याचा गुडघा दुखत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नको म्हणणारा घरचा असला, तरी दाखवा.