गोळीआड लपलेला आजार

घरात कुणी शिंकलं, की आपल्यापैकी अनेकांचा हात आधी औषधांच्या खणाकडे जातो. मागच्या खोकल्यातलं उरलेलं औषध, शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी, नाव पुसट झालेली एखादी पट्टी, सगळं तिथे जपून ठेवलेलं असतं. एका बुकबाइंडरच्या घरी या खणाचा ताबा त्याच्या थोरल्या बहिणीकडे होता. मुलं तिला आत्या म्हणत आणि तिच्या पाठीमागे अख्खा मजला तिला 'अर्धी डॉक्टर' म्हणे. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

बाइंडरचा मुलगा सुतारकाम शिकत होता. दारातून आत येताना त्याला वाकावं लागे, म्हणून त्याचं नाव पडलं लांबू. एकदा त्याला बारीक ताप येऊ लागला, मानेला गाठी आल्या. शेजारच्या आजोबांना दम्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या आत्याने मागून आणल्या.

"सूज उतरवायला यांच्यासारखं दुसरं काही नाही," ती म्हणाली.

आणि खरंच, थोड्याच दिवसांत गाठी बसल्या, ताप गेला! लांबू पोटभर जेवू लागला.

"आत्या, दाराबाहेर पाटी लाव आता."

"लावते की. पहिली फी तुझ्याकडूनच घेते."

पण हे कौतुक फार टिकलं नाही. गोळ्या चालू असतानाच लांबूला जिना चढताना धाप लागू लागली. कुठे काही न लागता दंडावर काळेनिळे डाग उमटले. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे रक्त घेण्याआधी विचारलं गेलं, "कुठलं औषध चालू आहे?"

बाइंडरने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने जमिनीकडे पाहिलं.

"नाही, काही नाही," बाइंडर म्हणाला. डॉक्टर रागावतील, चारचौघांत ताईचा अपमान होईल, एवढाच त्याचा विचार होता. लांबूही वडिलांचा चेहरा बघून गप्प बसला.

पुढे तिघांना प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा चष्मा डोक्यावर होता आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या.

"रिपोर्ट चांगला आला ना?" बाइंडरने उभ्याउभ्याच विचारलं.

"अजून लिहिलाच नाही. बसा." चष्मा एकदाचा सापडला. त्यांनी संगणकाचा पडदा तिघांकडे वळवला. त्यावर रंगीत ठिपक्यांचे थवे होते. "यातला एकेक ठिपका म्हणजे रक्तातली एकेक पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशी कधी कधी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण प्रत्येकीच्या अंगावर तिच्या घराण्याच्या खुणा असतात. त्या नुसत्या बघून ओळखता येत नाहीत. म्हणून त्या त्या खुणेलाच जाऊन चिकटतील असे चमकणारे रंग आम्ही रक्तात मिसळतो आणि पेशींना एकामागून एक लेझरच्या उजेडासमोरून सोडतो. जिच्या अंगावर जी खूण, तिचा तो रंग उजळतो. मग कळतं, ही कोणत्या घराण्यातली, ही मोठी झालेली की अजून कच्चीच."

"म्हणजे हजेरीच की!" लांबू पुढे सरकला. "खोटी हजेरी लावायची सोयच नाही."

"शाबास! आता हजेरी कशासाठी, ते ऐक. रक्ताच्या कर्करोगाचे प्रकार पुष्कळ आहेत. दिसायला सारखे, पण उपचार निराळे. प्रकार चुकला, तर उपचार चुकला."

 

"मग याच्या रक्तात...?" बाइंडरने लांबूकडे पाहत विचारलं.

"संशय यावा अशा कच्च्या पेशी आहेत. पण इतक्या थोड्या, की ठाम काही सांगता येत नाही. याचे डाग, याची धाप एक सांगतात आणि हा नमुना दुसरंच सांगतो."

"थोड्याच आहेत ना? मग 'काही नाही' असं लिहून टाका! पोराला घेऊन आम्ही घरी जातो."

"अंदाजाखाली मी सही करत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला ठाऊक नाही, तर मी ठाऊक नाही असंच म्हणणार."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढी शिकलेली बाई, समोर एवढं यंत्र, आणि 'ठाऊक नाही' म्हणताना तिची मान जराही खाली गेली नव्हती! आणि आपण? दुसऱ्याच्या गोळ्या वाटताना आपल्याला एकदा तरी शंका आली होती का?

"बाई," ती पुढे सरकून म्हणाली, "स्टिरॉइडच्या गोळ्यांनी या पेशी कमी होतात का हो?"

"होतात. कधी कधी झपाट्याने. का?"

"ताई, अगं..." बाइंडर कुजबुजला.

"थांब रे! पोराच्या जिवापुढे माझ्या अब्रूचं काय घेऊन बसलास?" आणि आत्याने सगळं सांगून टाकलं. गोळ्या कुणाच्या, कधीपासून, सकाळी एक की दोन, काहीसुद्धा मागे ठेवलं नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आत्याबाई, माझ्या यंत्राला जे सांगता येत नव्हतं, ते तुम्ही सांगितलंत. गोळ्यांनी बऱ्याचशा पेशी मेल्या, गाठी बसल्या, तुम्हाला वाटलं बरं झालं. आजार गेला नसेल, नुसता आडोशाला गेला असेल."

"आणि आम्ही घरी गेलो असतो तर?" लांबूने विचारलं.

"तर तो तिथेच वाढत राहिला असता."

आत्याच्या डोळ्यांना धार लागली. "म्हणजे मी पोराला विषच दिलं!"

"विष नव्हे. या जातीच्या काही आजारांत हेच औषध आम्हीही देतो. पण आधी प्रकार ओळखून, मोजून मापून, बाकीच्या औषधांच्या जोडीने. आता आपल्या मनाने गोळ्या बंदही करू नका हं. मी आत्ताच याच्या डॉक्टरांशी बोलते."

मग हाडाच्या पोकळीतल्या मगजाचा नमुना घेतला गेला. त्यात त्या पेशी पुरेशा सापडल्या, त्यांच्या खुणा उजळल्या, घराणं पक्कं ठरलं. तो रक्ताचा कर्करोगच होता. पण आता त्याला नाव होतं, आणि त्या नावाला ठरलेला उपचार होता.

उपचाराच्या पहिल्या दिवशी लांबूचे पाय पलंगाच्या बाहेर आले होते. आत्या मात्र दाराशीच घुटमळत होती.

"आत ये ना. दार धरून ठेवायला ते काय पडतंय?"

"रागावला नाहीस माझ्यावर?"

"रागावलोय की. पण बाबांवरही रागावलोय आणि स्वतःवरही. गप्प आपण तिघेही बसलो होतो, आत्या. बोललीस मात्र तू एकटीच. आता बस इथे आणि माझे पाय जरा चेप."

आत्या बसली. डोळे पुसायला तिला हात मोकळे नव्हते.

मंडळी, माणसाने केवढी किमया साधली आहे पाहा! रक्ताच्या थेंबातल्या पेशी एकेक करून रांगेत उभ्या करायच्या आणि प्रत्येकीचं घराणं ओळखायचं! पण त्या विद्येला आपल्या घरात काय घडलं ते दिसत नाही. ते सांगणं आपलंच काम आहे. दुसऱ्याची गोळी आपल्या माणसाला देऊ नका. आणि दिलीच असेल, तर डॉक्टरांच्या बोलण्याची भीती धरू नका. चार शब्द ऐकून घेतल्याने माणूस लहान होत नाही. आपण गप्प राहिलो, तर आपलंच माणूस गमावून बसू.