फाटकासमोरची जागा

“तिकडे नको, जावईबापू! त्या झाडाखाली लावलीत तर दुपारपर्यंत गाडी फुलांनी लाल होईल. आणि हिरवळीवर चाक चढवू नका. वरून हिरवं दिसतं, खाली सगळा चिखल आहे.”

“मग लावू कुठे, काका?” सिडनीहून आलेल्या जावयाने काच खाली करून विचारलं. शेजारी त्याची सासू, चर्चच्या गायनमंडळाची प्रमुख, मांडीवर भलंमोठं पातेलं धरून बसली होती.

“शाळेच्या कुंपणाला लागून. फक्त समोरच्या त्या फाटकापुढे नको. ती जागा मोकळी ठेवायची.”

नारिंगी जाकीट घालून लिसियाते गेली बावीस वर्षं रिमू स्ट्रीटवरच्या या टोंगन चर्चबाहेर दर रविवारी गाड्या लावून घेत होता. आठवडाभर तो ऑकलंडच्या विमानतळावर सामान चढवी. रविवारी मात्र हा रस्ता त्याचा. दुपारच्या पाळीला जाणाऱ्या नर्सची गाडी तोंड बाहेर करून, गुडघे दुखणाऱ्यांची पायरीजवळ, हे त्याला विचारावं लागत नसे. वस्तीत कोणी नवा आला, की कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा इथपासून ताजी मासळी कुठे मिळते इथपर्यंत तो उभ्या उभ्या सगळं सांगून टाकी.

एकच गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. प्रवचन संपतं कसं?

पाळक बोलायला लागत, बोलता बोलता गाऊ लागत, मग बसलेल्यांतून कोणी बाई ती ओळ उचलून धरी, आणि पाहता पाहता सगळं चर्च तिच्यामागून जाई. भिंतीपलीकडून येणारं ते गाणं ऐकताना लिसियातेच्या अंगावर काटा येई. पण ऐन रंगात आलं, की लवकर निघणारे बाहेर येत, इंजिनं सुरू होत, आणि शेवट त्या घरघरीत बुडून जाई.

“शेवटी काय म्हणाले गं पाळक?” तो परतताना बायकोला विचारी.

“आमेन म्हणाले,” लुपे सांगे.

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी मी डोळे मिटून ऐकत होते.”

डोळे मिटून ऐकताना लुपे घोरते, हे सगळ्या चर्चला माहीत होतं.

अलीकडे त्याला आणखी एक कोडं पडलं होतं. समोरच्या फाटकातल्या पॉलीनबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा नवरा नेव्हिल सहा वर्षांपासून वृद्धाश्रमात होता. दर रविवारी अकरा पंचवीसला त्या त्याच्याबरोबर जेवायला निघत. लिसियाते तिथे कोणी गाडी लावू नये म्हणून मांडलेले दोन नारिंगी शंकू उचलून हात दाखवी, त्या गाडी बाहेर काढत आणि दुपारी उशिरा परत येत. पण हल्ली त्या दहा मिनिटांतच परतत होत्या. दहा मिनिटांत कुठलं जेवण होतं? विचारायचं त्याच्या ओठांवर येई, पण विचारवत नसे.

आज तर वेगळीच धास्ती होती. कोणीतरी महापालिकेकडे तक्रार केली होती, की रविवारी चर्चच्या गाड्या लोकांची फाटकं अडवतात. अकरा वाजता एक बाई पाहायला येणार होत्या. एक जरी फाटक अडलेलं दिसलं, तर दोन्ही बाजूंना गाडी लावायला मनाई करणाऱ्या पिवळ्या रेघा पडणार. मग म्हाताऱ्यांना शाळेच्याही पलीकडून चालत यावं लागणार, आणि लिसियातेला उभं राहायला रस्ताच उरणार नव्हता.

अकराला दहा मिनिटं असताना तो एका आजींना चाकाच्या खुर्चीत बसवत होता. वळून पाहतो तर शंकू बाजूला सारलेले, आणि पॉलीनबाईंच्या फाटकासमोर जावईबापूंची पांढरी गाडी! ते स्वतः आत गेलेही होते.

चर्चमध्ये सगळ्यांचे फोन बंद. म्हणजे आत जायला हवं. प्रवचन चालू असताना, मळक्या बुटांनी, आणि कमरेला चटई नसताना. विणलेली चटई कमरेला बांधल्याशिवाय चर्चची पायरी कोणी चढत नसे. लिसियातेची चटई गाडीच्या डिकीत होती, गाडी लावलेली पार टोकाला. त्याने चिठ्ठीवर गाडीचा नंबर लिहिला आणि देवाची क्षमा मागत तो दारातून आत शिरला.

पाळकांचा सूर नेमका उंच गेला होता. दोन्हीकडच्या बाया त्याच्या मोकळ्या कमरेकडे पाहत राहिल्या. मान खाली घालून त्याने चिठ्ठी पुढे ठेवली.

पाळकांनी ती वाचली. आणि सूर न सोडता, त्याच चालीत, डोळे मिटून ते गाऊ लागले, “पांढऱ्या गाडीने, हो, चारशे सव्वीसने, माझ्या शेजारणीची वाट अडवली…”

सवयीने कोणीतरी ओळ उचलली. मग काय, उंच-खालच्या चारही आवाजांत सगळं चर्च चारशे सव्वीस गाऊ लागलं. पहिल्या रांगेतून जावईबापू किल्ली शोधत पळत सुटले. त्यांची सासू पदर असता तर त्यात तोंड लपवती. तिने भजनाचं पुस्तक पुढे धरलं.

पांढरी गाडी कोपऱ्यावर वळत होती, तेवढ्यात वही घेतलेल्या बाई आल्या. पॉलीनबाई पर्स घेऊन फाटकात उभ्याच होत्या.

“हे लोक तुमचं फाटक अडवतात?”

“बावीस वर्षांत एकदाही नाही.”

“आता ती पांढरी गाडी…”

“ती माझ्याकडे आली होती,” पॉलीनबाई म्हणाल्या.

बाईंनी लिहून घेतलं, रस्त्याच्या टोकापर्यंत चक्कर मारली आणि त्या निघून गेल्या. लिसियातेने शंकू उचलले.

“निघा लवकर. नेव्हिल वाट बघत असतील.”

पॉलीनबाई गाडीकडे गेल्या नाहीत. “नेव्हिल मार्चमध्येच गेला रे.”

लिसियातेच्या हातात शंकू तसेच राहिले. “मग दर रविवारी…?”

“पुलापर्यंत जाते, वळसा घालते, परत येते. तू इतक्या अगत्याने रस्ता मोकळा करून देतोस. कुठल्या तोंडाने सांगू, की मला आता कुठे जायचंच नाही म्हणून?”

लिसियातेने शंकू हळूच खाली ठेवले. चर्चमधून गाणं येत होतं. दोघं फाटकाशी उभी होती. मग पहिलं इंजिन सुरू झालं, आणि त्याला रस्त्यात जावं लागलं.

तीन आठवड्यांनी महापालिकेची माणसं रंग घेऊन आली. पिवळी रेघ फक्त पॉलीनबाईंच्या फाटकासमोर पडली. शंकूंची आता गरज नव्हती. तरी रविवारी लिसियातेने ते मांडलेच.

अकरा पंचवीसला फाटक उघडलं. तो पुढे झाला, पण गाडी आली नाही. टोपी घातलेल्या पॉलीनबाई पायी बाहेर आल्या.

“आज आत बसावं म्हणते. चालेल? ती कमरेची चटई लागते ना?”

“पाहुण्यांना नसली तरी चालते.”

“पण मी कुठे पाहुणी आहे?”

लिसियाते धावत गेला आणि डिकीतून आपली चटई घेऊन आला. घड्या अजून नव्यासारख्या होत्या. वाकून त्याने ती पॉलीनबाईंच्या कमरेला गुंडाळली आणि दोरी बांधली.

“शेवट काय झाला ते तेवढं मला सांगा.”

“अरे, मला तुमची भाषा कुठे कळते?”

“लुपेला कळते, पण ती झोपते. तुम्ही जाग्या तरी राहाल.”

तो रस्त्याच्या मधोमध गेला. दोन्हीकडून एकही गाडी येत नव्हती. तरी त्याने दोन्ही हात आडवे धरून रस्ता थांबवला, आणि पॉलीनबाई सावकाश चालत पलीकडे जाऊन दारातून आत गेल्या.

मग तो परत आला, एक शंकू किंचित कलला होता तो त्याने सरळ केला, आणि जिथून आज कोणी निघणार नव्हतं, त्या फाटकासमोर उभा राहिला.