बैलाचं तोंड गावात

पोंभुर्ण्याकडच्या बोरटोला गावानं पंचावन्न साली बैल गेला नि झोपा केला होता. बुळकांडीच्या रोगानं बावीस ढोरं नेली, त्यात मुखरूची जोडीही गेली. आता त्याच्या दावणीला सासऱ्यानं दिलेला चांद्या एवढाच बैल उरला होता. तोही गेला असता तर नांगराला मुखरूनंच खांदा दिला असता.

म्हणून छप्पन साली शेजारच्या गावात रोग आल्याची खबर लागताच सोमाजी पाटलांनी गाव बांधलं, म्हणजे ये-जा बंद केली. गाडीवाटेवर कडुलिंबाच्या पाल्याची दोरी ताणली आणि तिच्यापाशी पहाऱ्याला मुखरूला बसवलं. ढोर-डॉक्टर जलालुद्दीन आले, दोरी पाहून खूश झाले आणि वर आपला हुकूम सांगून गेले: रोगी गावाकडून ढोर येवो की माणूस, दहा दिवस बाहेर. मुखरूनं तो हुकूम असा काही मनावर घेतला, की पाटलांच्या सख्ख्या जावयाला दोरीबाहेर मोहाच्या झाडाखाली बसवून ठेवलं.

चौथ्या दिवशी स्वतः डॉक्टरच सायकलवरून आले. थर्मासात लस होती.

"थांबा डाक्तरसाब. कुठून येऊन राह्यले?"

"पलीकडच्या रोगी गावातून. दोरी उचल जल्दी, बर्फ वितळून राह्यला."

"मंग बसा दहा दिवस. तुमीच तं सांगतलं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, लस खराब होईल! तुझाच बैल मरेल!"

मुखरूनं वळून गोठ्याकडे पाहिलं. पण हुकूम म्हणजे हुकूम. पाटील धावत आले, ओरडले, शेवटी हात जोडू लागले. ढोरं बाहेर नेऊन टोचावी, तर तीही दहा दिवस बाहेर. तेव्हा म्हातारी मंगलीबाई वैतागून म्हणाली, "रोग तोंडातून जाते ना? मंग तोंड गावात ठेवा, ढुंगण बाहेर करा!"

सारं गाव आपापल्या ढोराला शिंगांकडून मागं रेटू लागलं. सुई मानेला टोचायची असते, असं डॉक्टर दोनदा म्हणाले, मग बर्फाकडे पाहून समोर येईल तिथं टोचू लागले.

चांद्याची पाळी शेवटी आली. उभ्या जन्मात तो कधी मागं चालला नव्हता. आठ जणांनी रेटलं तरी हलेना. शेवटी ढुंगण कसंबसं दोरीबाहेर आलं, सुई टोचून झाली, आणि मग त्याला मागं चालायची अशी गोडी लागली की मुखरूच्या हातचा कासरा ओढून तो दोरीखालून पार बाहेर गेला. चारही पाय आणि तोंडही.

पाटील हळूच म्हणाले, "मुखरू, घे आत. कोणी पाह्यलं नाई."

अख्खं गाव समोर उभं होतं. मुखरूला रडू आलं. आत घ्यावा तर चार दिवसांचा पहारा मातीत जात होता, आणि बाहेर ठेवावा तर या जंगलात एकट्या बैलाला वाघानं एक रात्रही ठेवलं नसतं. शेवटी तो वाकला आणि दोरीखालून स्वतःच बाहेर गेला. "मी बी राहतो दहा दिवस," तो म्हणाला.

सांज झाली. वाघाच्या भीतीनं शेकोटी पेटवावी म्हणून मुखरू काटक्या आणायला गेला आणि परत येऊन पाहतो तर चांद्या नाही. हाका मारमारून घसा सुकला.

इतक्यात त्याची बायको भागीरथा भात घेऊन दोरीपाशी आली. "काऊन बोंबलून राह्यले? चांद्या गोठ्यात हाय. कुटार खाऊन राह्यला."

बैल जिवंत आहे हे कळल्यावर मुखरूला आधी हसू फुटलं, मग हुकूम आठवला. "बाहेर काढ त्याले! कुठून घुसला तो?"

"बांधावरून. दोरीच्या बाजूनं सारं वावर तं मोकळंच हाय. पाटील म्हणते, दोरी नाई ओलांडली, मंग हुकूम नाई मोडला."

मुखरूनं बांधाकडे पाहिलं. दहा पावलांवर होता. त्यानं पाय उचलला.

भागीरथानं भाताचं गाडगं दोरीखालून सरकवलं. "तुमी नाई," ती म्हणाली. "बैलाले हुकूम समजत नाई. तुमाले समजते."

मुखरूनं पाय मागं घेतला.