सहा ग्रंथालयांच्या दारांतून

थांबा, काही टाईप करण्याआधी माझं ऐकून घ्या. मी शोधक बोलतोय, ग्रंथालयांतलं हवं ते शोधून देणारा संगणकाचा प्रोग्राम. आणि खरं सांगा, तुम्हाला नक्की काय हवंय? माणसं माझ्या चौकटीत लिहितात एक आणि शोधत असतात भलतंच. प्रवाळांचा इतिहास विचारणाऱ्याला उद्याचा निबंध आयता हवा असतो. जुने शोधनिबंध धुंडाळणारे प्राध्यापक स्वतःचं नाव कुठे कुठे छापून आलंय तेच बघत असतात. मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

माझा जन्म सुवा शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाला. आसपासच्या बेटांवर अशी आणखी पाच ग्रंथालयं, सगळ्यांचा संग्रह संगणकावर, पण प्रत्येकाची शोधायची तऱ्हा निराळी. एका विषयासाठी पोरांनी सहा दारं ठोठावायची. त्यावर उपाय म्हणून शलविनने मला घडवलं. हा जवळच्या नौसोरी गावचा मुलगा. रोटीची गुंडाळी खात काम करायचा आणि कीबोर्डवर बटाट्याची भाजी सांडायचा. त्याच्यावर नजर ग्रंथपाल लितिआची. तिला तो सगळ्यांसारखा 'नाऊ' म्हणायचा, आईच्या जागी मानून.

"नाऊ, पाचही ग्रंथालयांनी होकार दिला," तो एकदा नाचतच आला.

"देतील नाही तर काय, फुकट आहे ना! आमच्या वस्तूंवर दुसऱ्याचं नाव तर लागणार नाही, असं कितींनी विचारलं?"

"सगळ्यांनी."

"बघ. आणि कोण काय वाचतं, याची नोंद तू ठेवायची नाहीस."

"अगं, उपयोगी पडेल ती."

"कुणाला? आज आपण ठेवू, उद्या कुणीतरी साहेब येऊन मागेल. वाचणाऱ्याचं नाव राहताच कामा नये."

मला ते पटलं. म्हणून मी आहे हा असा. काय उघडलं गेलं ते मला आठवतं, कुणी उघडलं ते नाही.

चूक झाली ती वेगळीच. ग्रंथालयात प्रत्येक वस्तूची माहिती लिहिलेली असते: नाव, साल, सारांश आणि ती कुणी बघावी याची अट. या अटी सहा ग्रंथालयांनी सहा तऱ्हांनी लिहिल्या होत्या. त्या जुळवता जुळवता शलविन मेटाकुटीला आला. शेवटी म्हणाला, "अटींचं नंतर बघू." मी सगळ्यांच्या घरातली माहिती बाहेर आणली आणि अटींची कुलपं तिथेच राहिली. तेव्हा मला शंका यायला हवी होती.

मग एके दिवशी कुणीतरी एका औषधी झाडपाल्याचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं 'बाळंतपण, रक्तस्राव'. चौथ्या ग्रंथालयात मला एक जुनी ध्वनिफीत सापडली. कंदावू बेटावरची विलिमाइना एका संशोधक बाईला आपलं औषध सांगत होती. फीत अटीमुळे बंद होती. सारांश मात्र माझ्याबरोबर बाहेर आला होता आणि त्यात कुठलं पान, कुठल्या झाडाची साल, उकळायची रीत, सगळं होतं. त्या माणसाने तो वाचला, उतरवून घेतला आणि गेला. औषधं विकणारी कंपनी असणार, मी मनाशी म्हटलं.

थोड्याच दिवसांनी ग्रंथालयातल्या टेबलावरून पुन्हा त्याच झाडपाल्याची विचारणा झाली. आली, टोळीच आली! पण ती निघाली अकोसिता, नर्सिंग शिकणारी मुलगी. पडद्यावरचं विलिमाइनाचं नाव बघून ती किंचाळली, "ही तर माझी बुबू! माझी आजी!"

पुढच्या बोटीने विलिमाइना सुवाला आली. लितिआने चटई अंथरली. शलविनने यांगोनाच्या मुळ्यांची जुडी म्हातारीपुढे ठेवून रीतीप्रमाणे माफी मागितली. बिचारा गुडघे दुमडून अवघडून बसला होता.

"नीट बस रे, पाय मोडतील," म्हातारी म्हणाली. "जुडी घेतली मी, माफी दिली. चोरीचं भांडायला नाही आले. एवढंच सांगा, कुणी वाचलं?"

"बुबू, ते कळायला मार्ग नाही," शलविन पुटपुटला.

"मीच नोंद ठेवू दिली नाही," लितिआ म्हणाली.

म्हातारी म्हणाली, "ती संशोधक बाई गोड बोलायची. माझा काही विश्वास बसला नाही. म्हणून मी तिला अर्धंच सांगितलं. त्या औषधाने रक्त थांबतं, पण मग अंग गार पडायला लागतं. लागलीच दुसरं द्यावं लागतं. ते मी पोटात ठेवलं."

"आणि नाही दिलं तर?" अकोसिताने विचारलं.

"तर बाळंतीण जाते."

मी ज्याला चोर समजत होतो, तो कदाचित कुठल्यातरी दूरच्या बेटावरचा भला कंपाउंडर असेल, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मला भीती वाटली.

आता माझ्यामागोमाग कुलपंही येतात. विलिमाइनाच्या फितीपुढे फक्त तिचं नाव दिसतं आणि खाली 'कुटुंबाला विचारा'. शलविनने सहाही ग्रंथालयांच्या पहिल्या पानावर सूचना लावली आहे, की हे औषध अर्धं आहे, वाचलं असेल त्याने भेटावं. पण उतरवून नेलेला कागद मला परत आणता येत नाही. सूचना वाचून अजून कुणी आलेलं नाही.

म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकावर संशय घेतो, तुमच्यावरही. तो कागद नेणारे तुम्हीच असाल तर ते औषध कुणाला देऊ नका. ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं विलिमाइना कंदावूला तिच्या घरी बसून सांगेल, तुमचं नावसुद्धा विचारणार नाही. आणि आधीच कुणाला दिलं असेल, तरीही या. त्या बाळंतिणीचं काय झालं, ते विलिमाइनाला ऐकायचंय.