शेण कोणी आणायचं

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: एल्गॉन डोंगराच्या उतारावरचं एक घर, दारात कॉफीच्या बिया वाळताहेत, आणि अकरा वर्षांची चेसांग आतली भुई सारवते आहे. डिसेंबरची सुट्टी लागली होती. वर्ष सम होतं. मुलींच्या अंगाचा नाजूक भाग कापून त्यांना 'बाई' करायचं, ते आमच्याकडे अशाच वर्षी, याच महिन्यात. बंदी आल्यापासून हे उघड होत नाही. मुलींना गुपचूप सीमेवरच्या नदीपलीकडे, दुसऱ्या देशात नेतात.

म्हणून चेप्तोयेक आत्या अचानक दारात उभी राहिली, तेव्हा चेसांगला बरं वाटलं नाही.

"चल गं, सुआम नदीपलीकडे बाजार आहे. शाळेचे बूट घेते तुला."

गेल्या वर्षी या आत्याने साधी पेन्सिल दिली नव्हती.

"बूट इकडच्या बाजारात नाही मिळत?"

"अगं बाई! वहिनी, बघ, शाळेनं काय शिकवलंय. उलट प्रश्न!"

आई केळी सोलत होती. तिने मान वर केली नाही. चेसांगने तेही टिपलं.

तेवढ्यात शेण संपलं. न कापलेल्या बाईने गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, ही आमची रीत. चेसांगची आई न कापलेली; लग्न झाल्यापासून ती शेणासाठी दुसऱ्या बायकांपुढे हात पसरत होती, वर टोमणे खात होती. आज आत्याच उठली आणि गोठ्यातून टोपली भरून घेऊन आली.

"घे. पुढच्या आठवड्यापासून तुझं तू आणशील."

म्हणाली आणि जीभ चावली.

चेसांगचा हात भुईवरच थांबला. बूट घेतले म्हणून कुणाला गोठ्यात जाता येत नाही.

"आई, तुला माहीत होतं?"

"माझ्यासारखं जन्मभर मागत बसू नयेस, म्हणून गं," आई पुटपुटली.

"कोकोप बाईंनी फळ्यावर चित्र काढून दाखवलंय. कापल्याचा व्रण बाळंतपणात ताणला जात नाही, फाटतो. एवढं सगळं टोपलीभर शेणासाठी?"

"ती मास्तरीण!" आत्या फिस्कारली. "परक्यांचं खाते नि आमच्या पोरी बिघडवते. तिच्या चुलीपाशी तरी कोण जातं?"

"आम्ही जातो. वर्गातल्या सगळ्या."

रस्त्यावर भोंगा वाजला. गावातल्या मंगुशोकाकांची गाडी कोबीची पोती नि माणसं घेऊन सीमेकडे निघाली होती, ती खाली थांबली. आत्याने चेसांगचं मनगट धरलं आणि तिला ओढत खाली नेलं. आईने अडवलं नाही, ती मागेही आली नाही.

गाडीत पाच माणसं बसली होती. चेसांगने आधी प्रत्येकाचं तोंड पाहिलं. यातल्या कुणाला ठाऊक होतं? सगळ्यांनाच? मग ती मोठ्याने म्हणाली, "मंगुशोकाका, आत्या मला कापायला नेतेय. नेणाऱ्यालाही तुरुंग आहे. नेणार का?"

काकांनी इंजिन बंद केलं. आत्या त्यांच्याकडे वळली, तशी तिची मूठ सैल झाली.

चेसांगने मनगट सोडवून घेतलं, आणि कोण काय म्हणतंय ते ऐकायला न थांबता कोकोप बाईंच्या घराची वाट धरली.